उदगीरचा पंखेवाला झिंगा

माझं आडनाव वाघमारे, आणि आयुष्य गेलं शोभेच्या माशांची घाण काढण्यात. जुने दोस्त अजूनही रस्त्यात भेटले की विचारतात, "काय वाघमारे, आज किती वाघ मारले?" मी म्हणतो, "वाघ न्हाई, पण दोन गोल्डफिश गेले." दोघंही हसतो आणि आपापल्या वाटेला लागतो. नांदेडला वजिराबादच्या मागच्या गल्लीत माझं काचेच्या टाक्यांचं दुकान आहे. आता गल्ल्यावर भाऊ बसतो. मी फक्त ज्यांचं माझ्यावाचून अडतं अशा घरी जातो. या अंकासाठी लिहा म्हणून संपादकांनी गळ घातली तेव्हा मी विचारलं, "गमती हव्यात की खरं हवं?" ते म्हणाले, "दोन्ही." गमती आधी उरकून घेतो. त्या लवकर संपतात.

लोकांना वाटतं आम्ही मासे विकतो. खरं तर आमचा धंदा पाण्याचा. घरी टाकी आणली की माणूस पाणी सांभाळायचं काम अंगावर घेतो, मासा ही त्याची वरची शोभा. आणि आमच्याकडचं पाणी काय सांगावं! नांदेडला निदान गोदावरी आहे. लातूरच्या बाजूला गेलं की नळाला पाणी येणं हाच सण. एरवी बोअर, टँकर आणि जार. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर, तिनं मासा तासाभरात उलटा होतो. बोअरच्या पाण्यात एवढे क्षार की टाकीची काच महिन्याभरात चुना लावल्यागत पांढरी. वर उन्हाळा असा की दुपारी टाकीत हात घातला तर चहाला ठेवलंय की काय असं वाटावं. म्हणून माझा नेम होता, आधी घरचं पाणी बघायचं, मग मासा द्यायचा. या नेमापायी मी बरीच गिऱ्हाइकं परत पाठवली आणि घरी बायकोची बोलणी खाल्ली.

नांदेडचे एक बांधकामवाले शेठ होते. त्यांनी वास्तूसाठी म्हणून एक मोठा, चंदेरी खवल्यांचा मासा नेला. सहा महिन्यांनी फोन आला, मासा गेला. मी धास्तावत गेलो, तर शेठ हसतमुख, माझ्या हातावर पेढा! म्हणाले, "वाघमारे, घरावरचं संकट घेऊन गेला बिचारा. दुसरा द्या." मी टाकी बघितली. फिल्टरच्या आवाजानं झोप येत नाही म्हणून रोज रात्री तो बंद करत होते. मी म्हणालो, "शेठ, संकट न्हाई, फिल्टर." त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी दुसरा मासा दुसऱ्या दुकानातून घेतला. मरण कुणाच्या तरी पायी आलं किंवा कुणासाठी तरी आलं असं म्हटलं की माणसांना बरं वाटतं. बटण बंद होतं म्हणून आलं, हे पचत नाही.

आता झिंग्याबद्दल. कोकणातल्या वाचकांनी हसू नये. त्यांच्याकडं झिंगा म्हणजे कोळंबी आणि कोळंबी म्हणजे कालवण, हे मला ठाऊक आहे. मी सांगतोय तो खायचा नव्हे, बघायचा. पंखेवाला झिंगा. चेन्नईहून ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यातून येतो. बोटाएवढा लांब, विटकरी रंगाचा, पाठीवरून फिका पट्टा. नांग्या नाहीत. नांग्या असायच्या जागी चार बारीक पंखे, रंगाऱ्याच्या केसाळ कुंचल्यासारखे. फिल्टरमधून पाण्याची धार पडते तिच्यासमोर हा लाकडावर ठाण मांडून बसतो, चारही पंखे उघडतो आणि धारेतून वाहत येणारे, आपल्याला दिसतही नाहीत असे कण गोळा करतो. एक पंखा मिटून तोंडात घालतो, चाटून काढतो, परत उघडतो. मग दुसरा. दिवसभर हेच. कुणाला चावत नाही, कुणाच्या मागं लागत नाही. आमच्या भागात हा प्राणी पहिल्यांदा मी आणला, आणि ही फुशारकी मारायचा मला हक्क आहे, कारण सुरुवातीचे कितीतरी माझ्याच टाकीत मेले.

तो जगवणं कठीण. एक म्हणजे तो कात टाकतो. कंधारच्या एका निवृत्त हेडमास्तरांना टाकीत तो आडवा पडलेला दिसला. पाय, पंखे, डोळ्यांच्या जागा, सगळं शाबूत. त्यांनी परसात खड्डा केला, नातवंडांना उभं करून दोन शब्द बोलले आणि पुरला. कात टाकल्यावर अंग मऊ असतं म्हणून झिंगा चार-दोन दिवस दगडाआड दडून बसतो, हे त्यांना कुठलं माहीत? एका सकाळी तो टुणकन येऊन धारेसमोर बसला आणि घरातली पोरं भूत भूत करत गल्लीत पळाली. मास्तर मला म्हणाले, "वाघमारे, श्रद्धांजली परत घेता येते का हो?"

दुसरी अडचण हसण्यासारखी नाही. हा झिंगा स्वच्छ पाण्यात उपाशी मरतो. त्याच गावच्या एक बाई, शिवणकाम करायच्या, टापटिपीच्या इतक्या की शिलाई मशीनवर बसायला धूळ भीत असे. त्यांनी फोन केला, "लई खुशीत हाय हो, दिवसभर वाळूत खेळून राहिलाय." मी तसाच निघालो. धारेतून काही मिळेनासं झालं की हा खाली उतरतो आणि पंख्यांनी वाळू चाळत फिरतो. लोकांना ते खेळणं वाटतं. ती त्याची शेवटची भूक असते. मी त्याचं खाणं, शेवाळाची हिरवी पावडर, घेऊन पोचेपर्यंत उशीर झाला होता. बाई रडल्या. म्हणाल्या, "म्या तर एक कणबी राहू दिला न्हाई पाण्यात." म्हणून सांगतो, या प्राण्याला ओरडता येत नाही, कण्हता येत नाही. त्याचं काय बिनसलंय ते आपल्यालाच ओळखावं लागतं, आणि आपण बहुतेक वेळा उलटं ओळखतो.

हे सगळं ज्या घरासाठी सांगतोय त्या उदगीरच्या घराकडं आता येतो.

शिवराज बिरादार हे तिथल्या एका डाळमिलवर मालाची आवकजावक बघायचे. सगळे त्यांना अप्पा म्हणत, मीही म्हणायचो. बोलणं हळू, समोरचा माणूस लहान असला तरी अहो-जाहो. ते दुकानात आले तेव्हा बराच वेळ नुसते टाक्यांसमोरून फिरत राहिले. मग म्हणाले, "घरी टाकी हाय. पोरगा पुण्याला गेला तवापासून रिकामीच हाय. लेकीसाठी काहीतरी न्यावं म्हणतो. पण असं द्या की ते मरत न्हाई."

मी म्हणालो, "अप्पा, तसलं काही माझ्या दुकानात न्हाई. कुणाच्याच दुकानात न्हाई."

ते कसंनुसं हसले आणि पंखेवाल्या झिंग्यासमोर उभे राहिले. "हे काय करून राहिलंय?" मी सांगितलं, जेवतंय. त्यांनी विचारलं, "कुणाला मारत न्हाई?" मी म्हणालो, मारायला त्याच्याकडं हत्यारच नाही. "मग हेच द्या," ते म्हणाले. मी समजावलं की हा नाजूक आहे, नवशिक्याचं काम नाही. ते ऐकेनात. शेवटी मी अट घातली, मी स्वतः येऊन टाकी लावणार आणि माझ्याच हातानं तो सोडणार.

घरी गेल्यावर दारातच त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, मला थांबवून हळू आवाजात सगळं सांगितलं. लेक अश्विनी. बीएस्सी झालेली. निलंग्याला दिली होती. नवरा भाजीपाल्याची पिकअप चालवायचा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत गाडी पुलाच्या कठड्याला धडकली आणि तो गेला. दिवसकार्य उरकलं त्याच दिवशी सासूनं भरल्या अंगणात सांगितलं, ही पांढऱ्या पायाची, हिला घेऊन जा. अप्पा घेऊन आले. तेव्हापासून पोरीनं कशाला हात लावणं सोडलं होतं. भाकरी थापत नाही, तुळशीला पाणी घालत नाही, पुण्याहून भाऊ-भावजय बाळाला घेऊन आले तर ही मागच्या खोलीतून बाहेरच आली नाही. भावजयीनं बाळ पुढं केलं तेव्हा म्हणाली, "नको वहिनी, त्याला काही होईल."

"तिच्या मनात बसलंय," अक्का म्हणाल्या, "की तिनं हात लावला की मरतंय."

मला अप्पांचा मनापासून राग आला. अशा घरात हा झिंगा म्हणजे जळत्या चुलीशेजारी रॉकेल ठेवणं. मी खोकं उचलून परत निघणार होतो. पण आत अश्विनी उभी होती, दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले, आणि पिशवीकडं बघत होती. म्हणाली, "काका, त्याला पिशवीत गुदमरत असेल. सोडा ना." मग मी सोडला.

मी सगळं नीट शिकवलं. हिरवी पावडर पाण्यात कालवून ड्रॉपरनं धारेत कशी सोडायची, थर्मामीटर कसा वाचायचा, कात कशी ओळखायची. नळाचं पाणी वापरू नका, पिण्याचंच घाला, हेही बजावलं. ती सगळं लांबून करायची. ड्रॉपर दोन बोटांच्या टोकांत धरायची, पाण्याला स्पर्श होऊ द्यायची नाही. मी महिन्यातून एकदा जायचो. पोरगी हुशार. तिचे प्रश्न माझ्या जुन्या गिऱ्हाइकांपेक्षा चांगले असायचे. याची पिल्लं का होत नाहीत? मी सांगितलं, होतात, पण पिल्लांना खारं पाणी लागतं. नदीतून वाहत समुद्राच्या तोंडाशी जातात तेव्हाच जगतात, टाकीत नाही. ती म्हणाली, "म्हणजे याच्यात त्याचा काही दोष नाही." मी म्हणालो, "कसला दोष? पाणीच तसलं."

हिवाळा सरताना एकदा तिचा फोन आला. आवाजात असं काही होतं की मी ओळखलाच नाही. "काका, मी बोट घातलं पाण्यात. त्यानं माझ्या बोटाला पंखा लावून बघितला. दोनदा. काही झालं नाही त्याला!" नंतर अक्कांनी फोन घेतला आणि तेच सगळं परत सांगितलं. त्या आठवड्यात पोरीनं पहिल्यांदा आईबापाबरोबर बसून जेवण केलं. पुढं ती रोज बोट घालायची आणि झिंगा रोज एक पंखा तिच्या बोटावरून फिरवायचा. त्याला तिच्याबद्दल काय वाटत होतं ते मी सांगत नाही. त्याला बोटावर खायला काही सापडतंय का ते बघायचं होतं. पण त्या घरात त्यामुळं दिवाळी आली होती, आणि मी कुठल्या तोंडानं खरं सांगणार?

मग उन्हाळा लागला. भर चैत्रात सकाळीच तिचा फोन.

"काका, गेला."

मी म्हणालो, "कात असेल बेटा. दगडामागं बघ."

"कात नाही काका. वास येऊन राहिलाय." आणि मग अगदी शांतपणे, "मला ठाऊक होतं. माझा हात लागला."

मी व्हॅन काढली. दुपार व्हायच्या आत उदगीरला पोचलो. अश्विनी टाकीसमोर भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली, हात परत ओढणीत. अप्पा मिलवर गेलेच नव्हते. अक्का सारखा पदर तोंडाशी धरत होत्या. झिंगा लाकडाखाली पडला होता, चारही पंखे अर्धवट मिटलेले. उपासानं गेला म्हणावं तर पावडर वेळेवर पडत होती. थर्मामीटर बघितला, ठीक. टाकीच्या तोंडावर तिनं ओलं फडकं आणि छोटा पंखा लावला होता, पाणी आमच्या दुकानातल्यापेक्षा गार. पाणी सडलंय का म्हणून बाटलीतलं औषध टाकून बघितलं, तेही ठीक. मी बुचकळ्यात पडलो.

मी विचारलं, "उन्हाळ्यात पाणी लई उडतं. रोज भर घालत असाल. कुठलं घालता?"

"पिण्याचंच," अक्का लगेच म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं तसंच. हंड्यातलं. आम्ही पितो तेच."

मी मान वळवून स्वैपाकघराकडं बघितलं. ओट्यावर तांब्याचा हंडा, आरशागत लखलखीत. आमच्या मुलखात चांगल्या घरात पिण्याचं पाणी रात्रभर तांब्यात ठेवायचं असतं. प्रकृतीला बरं, असं मोठी माणसं सांगत आली. अक्का दर सोमवारी हंडा चिंचेनं घासायच्या. त्यात भरायचं ते विकतच्या जारचं, आरओ मशीनचं पाणी. आता एवढं ऐका. अशा पाण्यात क्षार नसतात, म्हणून ते भांड्याचा धातू पटकन ओढतं. चिंचेनं घासलेलं तांबं वर उघडं पडलेलं असतं. ते पाणी माणसानं प्यालं तर काही होत नाही. पण झिंग्याला तांबं म्हणजे विष. शिवाय टाकीतलं पाणी उडून जातं ते नुसतं पाणी, तांबं मागं राहतं. वर परत हंड्यातलं तांब्या-तांब्यानं पडतं. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी त्या बाईनं रोज त्याला पाजलं होतं.

तांब्याची तपासणी करायची बाटली माझ्या पेटीत असते. नळीत टाकीतलं पाणी घेऊन थेंब टाकले, पाण्याला रंग चढला. मी ती नळी उन्हाकडं धरून बघत राहिलो, खरं म्हणजे वेळ काढत राहिलो. उष्म्यानं गेला असं म्हणालो असतो तर कुणावरच काही आलं नसतं. पण पोरगी थर्मामीटर रोज वाचणारी, तिला ते पटलं नसतं. तिनं स्वतःचंच नाव लावून घेतलं असतं.

"अक्का, रागावू नका," मी म्हणालो. "त्याला तांबं लागलं. हंड्याचं. आपल्याला चालतं ते पाणी, त्याला चालत न्हाई."

अक्का लेकीशेजारी खाली बसल्या.  मग त्या एकदम लेकीकडं वळल्या आणि तिचे दोन्ही खांदे धरले.

"ऐकलंस का अश्विनी? म्या मारलं! माझ्या हातानं मेलं ते. तुझ्या न्हाई, माझ्या!"

कुणी इतक्या आनंदानं गुन्हा कबूल केलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"तू कशापायी?" अप्पा पुढं आले. "हंडा रोज मी भरून राहिलोय. जार मी ओततो. माझी चूक हाय."

मीही मधे पडलो. "तुमचं काय चुकलं अप्पा? पिण्याचं घाला म्हणून मी सांगितलं. घरात तांब्याचा हंडा हाय का, एवढं विचारायला काय झालं होतं मला? चूक असंल तर ती माझी."

"न्हाई न्हाई, मीच ओतलं," अक्का.

"अगं पण आणलं मीच ना ते घरात," अप्पा.

असे आम्ही तिघं वयानं वाढलेले लोक एका झिंग्याच्या मरणाचा दोष घ्यायला भांडत होतो. मला वाटलं, आता पोरगी रडेल आणि मोकळी होईल. ती रडली नाही. तिनं आईचे हात खांद्यावरून काढले आणि आमच्याकडं एकेक करून बघितलं.

"एक झिंगा मेला," ती म्हणाली, "तर तिघं जण म्हणून राहिलात, माझी चूक, माझी चूक. माणूस मेलं तवा एकानं म्हणलं न्हाई."

अक्का म्हणाल्या, "बाळा..."

"गाडीचे ब्रेक धरत नव्हते. थोरल्या दिरांना ठाऊक होतं. मी सासूबाईंना सांगितलं, ह्यांना ताप हाय, आज पाठवू नका. टोमॅटो खराब होतील म्हणून पाठवलं. सगळ्यांना ठाऊक होतं. मग अंगणात सगळ्यांसमोर मला पांढऱ्या पायाची म्हणल्या." ती अप्पांकडं वळली. "तुम्ही होतात की तिथं. मी तुमच्याच तोंडाकडं बघत होते. तुम्ही माझी बॅग उचलली आन् म्हणलात, चल बाई. एवढंच म्हणलात."

अप्पा भिंतीशी खाली बसले.

"मला वाटलं," ती म्हणाली, "अप्पासुद्धा काही बोलंनात, म्हणजे खरंच असंल."

मी तिथं परका माणूस. निघून जावं तर वाट त्यांच्या मधून, आणि थांबावं तर हातांचं काय करायचं ते कळेना. मी पेटीत बाटल्या लावत बसलो, लावलेल्या काढून परत लावल्या. मला अप्पांची दयाही येत होती आणि चीडही. बाप माणूस वाईट नव्हता. भिडस्त होता. लोकांत तोंड उघडणारा नव्हता. पण त्या भिडेपायी त्याच्या लेकीनं एवढे महिने स्वतःचे हात ओढणीत गुंडाळून ठेवले होते.

बऱ्याच वेळानं अप्पा उठले. खुंटीवरची टोपी घेतली. मला म्हणाले, "वाघमारे, तुमची गाडी हाय ना? मला निलंग्याला सोडता का?"

अक्का घाबरल्या. "आता? आता कशाला? भांडण होईल."

"होऊ दे," अप्पा म्हणाले.

देवणीमार्गे आम्ही गेलो. ऊन मरणाचं, खिडकीतून भट्टीसारखा वारा. वाटभर त्यांचे ओठ हलत होते. पाठ करत होते की काय कोण जाणे. निलंग्यात शिरल्यावर एका घरासमोर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. पत्र्याचं फाटक, बाजूला उसाची रिकामी ट्रॉली. अप्पांनी फाटक ओलांडून दार वाजवलं. आतून टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला. खिडकीचा पडदा हलला. कुणी दार उघडलं नाही. त्यांनी परत वाजवलं. मग ते दोन पावलं मागं सरले आणि असे ओरडले की गाडीत बसलेला मी दचकलो.

"ऐका! मी अश्विनीचा बाप बोलून राहिलोय! गाडीचे ब्रेक धरत नव्हते. तुम्हाला ठावं होतं! माझी लेक सांगत होती, तापात पाठवू नका म्हणून. तुम्ही पाठवला त्याला! माझ्या लेकीच्या पायगुणानं न्हाई गेला तो! ऐकू येतंय का?"

समोरच्या घरांतून माणसं बाहेर आली. पानटपरीवरची पोरं आली. एक म्हातारी म्हणाली, "झालं गेलं की आता, कशाला उकरून काढताव?" अप्पांनी तिच्याकडं बघितलंही नाही. दाराकडं तोंड करून तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. घसा बसला, शब्द अडखळले, धोतराचा सोगा सुटला, तरी म्हणाले. दार बंदच राहिलं. थोडा वेळ ते तसेच उभे राहिले, मग येऊन गाडीत बसले.  मी पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यांना धरता येईना, म्हणून मीच तोंडाला लावली.

उदगीरला परतलो तेव्हा उन्हं कलली होती. अश्विनीनं टाकी रिकामी करून, काच पुसून, मला देऊन टाकायला दाराजवळ आणून ठेवली होती. फिल्टर, लाकूड, वाळू, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत. झिंग्याचं तिनं काय केलं ते मी विचारलं नाही. मी एवढंच म्हणालो, "बेटा, दुसरा आणून देऊ का?" तिनं मान हलवली. नको.

अप्पा पायरीवरच उभे राहिले. घरात शिरायची परवानगी मागत असल्यासारखे.

"दार उघडलं का त्यांनी?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग कुणाला सांगितलं?"

"दारालाच सांगितलं. गल्ली जमली होती. दोनदा सांगितलं." आवाज इतका बसला होता की जवळ उभं राहूनही मला नीट ऐकू येत नव्हतं.



"उशीर केलात, अप्पा."

"हाव, बाई," ते म्हणाले. "लई केला."